सातव्या झेंड्यापाशी

कॉटेज नंबर नऊ,
जांभूळच्या पुढचा गोल्फ क्लब.
गुरुवार, २१ डिसेंबर १९९५

चि. चिमी हिस,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. तू आणि घरची मंडळी खुशाल असालच.

मी दोनदा तुझ्यासमोर आले आणि दोन्ही वेळा तू पाठ फिरवलीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. समोर बोलता आलं असतं तर मी शाई घालवली नसती. तू वाचतेस ते मला ठाऊक आहे, कारण शिकवलं मीच. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. न वाचता चुलीत घालायचं असेल तर घाल, पण मग ‘बाय काही बोललीच नाही’ असं पुन्हा गावभर सांगू नकोस.

मी इथे कशी, हे आधी सांगते. नाहीतर तुला वाटेल, म्हातारपणी हिला चैन सुचली. हरिचंद्र आणि सूनबाई या डिसेंबरात येणार होते. त्याने अमेरिकेतूनच कुठल्याशा कंपनीमार्फत ही जागा घेतली, सहा दिवसांसाठी. म्हणाला, “आई, अंबरनाथच्या घरात लिंडाला त्रास होईल, पाण्याचा वगैरे. आपण तिघं रिसॉर्टवरच राहू.” मी नको म्हणणार होते. पण त्याने पत्ता सांगितला, जांभूळ, आणि मी हो म्हटलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. नाताळ तिच्या आईवडिलांकडे करायचं ठरलं आहे, रजा तेवढीच. “पण तू जा. ते कॅन्सल होत नाही. एन्जॉय कर.”

तेव्हा आले. ठरलेली गोष्ट वाया घालवणं मला जमत नाही.

जागा चांगली आहे. उगाच नावं ठेवणार नाही. आपण लहानपणी जिथे खेकडे धरायला यायचो तो नदीकडचा उतार आठवतो? तोच. आता सगळी हिरवळ, कापल्यासारखी सारखी. मध्ये मध्ये वाळूचे खड्डे, ते मुद्दाम केलेले आहेत, त्यात चेंडू पडला की लोक हळहळतात. खोलीत तीन पलंग, तीन टॉवेल, तीन दात घासायचे ब्रश. सकाळी पोऱ्या नव्हे, चांगला मिशीवाला माणूस, तीन कप ठेवून जातो. मी त्याला सांगितलं, एकच ठेवा. तो म्हणाला, “मॅडम, कॉटेज तिघांचं आहे.” मी रोज दोन कप उपडे घालून ठेवते.

जेवायच्या हॉलमध्ये उल्हासनगरचे सिंधी कुटुंबाकुटुंबाने आलेले आहेत. कॅम्प चारची एक बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मोठी प्रेमळ आणि तितकीच चौकस. पहिल्याच दिवशी विचारलं, “आंटी, बाकी लोग पीछे आ रहे हैं क्या?” मी “हां” म्हटलं. काल पुन्हा विचारलं. पुन्हा “हां” म्हटलं. एकदा सांगितलेलं बदलायचं कसं?

इथे प्रत्येक तासाला काहीतरी करायचं असतं. बैलगाडीची सैर असते. गाडीवानाला लाल फेटा बांधलेला. बाबांनी जन्मात गाडी हाकताना असा फेटा बांधला नव्हता. मी एकटीच मागे बसले होते, तो मला बैल कसे जुंपतात ते हिंदीत समजावत होता. मी ऐकून घेतलं. मग तळ्यात पायांनी चालवायची होडी. ती दोघांची असते. मी एका बाजूला बसले तर होडी कलली. तेव्हा त्या माणसाने दुसऱ्या सीटवर वाळूची गोणी ठेवली आणि म्हणाला, “आता बॅलन्स.” मी आणि गोणी तळ्याला फेरी मारून आलो. सिंधी बाईंच्या नातवंडांनी काठावरून हात हलवले. मीही हलवला.

आणि गोल्फ. शिकवायला शंकरराव म्हणून आहेत, लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. शिस्तीचा माणूस, मला बरा वाटला. बुधवारी सकाळी त्यांनी माझ्या हातात ती काठी दिली, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं, आणि मी मान वर केली तर समोर तुम्ही बायका ओळीने गवत बेणत होतात. जशा आपण खाचरात बसायचो तशाच. मला चष्म्यातून लांबचं धड दिसत नाही. पण शेवटची बाई डावा गुडघा टेकून, उजवा उभा ठेवून बसली होती, आणि असं बसणारी मी जन्मात एकच पाहिली आहे. आई तुला त्यावरून ओरडायची.

तू वर पाहिलंस. मला ओळखलंस, हे नाकारू नकोस. शंकररावांनी शिट्टी वाजवली, मी चेंडू मारला, तो दहा पावलं गेला. आणि मी पुन्हा पाहिलं तर तू पाठ केली होतीस. तू एकटीच नव्हे, सगळ्या ओळीने! मी “चिमे!” म्हणून हाक मारली. एकीनेही मान वळवली नाही. तू मुकादमीण झालीस असं ऐकलं, पण धाक चांगला बसवला आहेस. मी चालत तुमच्याकडे निघाले तर तुमचा सुपरवायझर तुम्हाला शेडकडे घेऊन गेला.

आज पुन्हा तेच. मला गोल्फ शिकायचं नाही, चिमी. एकसष्ट वर्षांच्या बाईला त्या काठीशी काय करायचं आहे? मी आज फक्त तुला पाहायला गेले होते. पुन्हा शिट्टी, पुन्हा ओळीने पाठी. दहा-बारा पाठी, आणि मी काठी धरून उभी.

पाच वर्षांपूर्वी तू माझ्या दारात उभी राहून बोललीस आणि गेलीस. ते मी विसरले नाही. हरिचंद्राच्या लग्नाबद्दल मी तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. लग्न तिकडच्या तिकडे झालं, इलाज नव्हता. त्यावर तुला राग धरायचा असेल तर तो माझ्यावर धर. पण परक्या बायकांना ओळीने बसवून माझ्याकडे पाठ करायला लावायची, हे तुला शोभत नाही.

तुझ्या ओळीतली गंगू दुपारी कॉटेजांच्या मागची पानं झाडायला येते. तिच्या हाती पाठवते आहे. तिला वाचता येत नाही असं ती म्हणाली, तेव्हा भीती नाही. उत्तर द्यायचं तर तिच्याजवळच दे.

तुझी बहीण,
पुतळाबाई


कॉटेज नंबर नऊ.
शनिवार, २३ डिसेंबर १९९५

प्रिय चिमी,

आशीर्वाद. गंगूने काल तुझा निरोप सांगितला. आधी ती हसत होती. पानांच्या ढिगात झाडू टाकून, कमरेवर हात ठेवून, अगदी तुझ्यासारखी उभी राहिली.

“बाय, ती म्हनतं, तू येरी हाय का? शिट्टी झाली का पाठ कराची, डोकं झाकाचं. बॉल तोंडावर बसला तं दात जातील. दुसरी शिट्टी होईपरत वळाचं नाय, नायतं खारा, दिसाची मजुरी गेली.”

मी विचारलं, “आणि मी हाक मारली ते?”

“आयकलं ना. ती म्हनली, वळू नका गो, माझे बायचा नेम लय वंगाल हाय.”

चिमी, मी त्या पायरीवर बसून हसले. अंबरनाथच्या घरात मी शेवटची कधी अशी हसले ते आठवत नाही. जन्मभर शाळेत कवायत घेतली. शिट्टी वाजली की ती माझ्यासाठी, ‘सुरू करा’ म्हणून, असंच मी समजले. ती तुमच्यासाठी असेल हे डोक्यातच आलं नाही. शंकररावांना आज विचारलं तर म्हणाले, “मॅडम, नवीन खेळणारे असले की मी जरा जास्तच जोरात वाजवतो.”

मी गंगूला लगेच म्हटलं, “तिला सांग, संध्याकाळी तुमच्या घरी येते.” ती म्हणाली, “नको. तिनं तेपन सांगून ठेवलंय.” आणि मग हसणं बंद करून तुझा दुसरा निरोप दिला. तो तिने पाठ करून आणला होता, एका दमात म्हटला.

“पाठीचं मिटलं. लग्नाचं नाय मिटलं. पोराचं लगीन माझ्यापासून कं लपवलंस ते लिहून दे. तोंडी नको. तोंडी बोललीस का तू शालेतल्या बाईसारखी बोलतंस आन् मना मग काय सुचत नाय.”

तुझं म्हणणं बरोबर आहे. मी तोंडी तशीच बोलते. म्हणून लिहिते.

सकाळपासून तीन कागद फाडले. एकात मी अमेरिकेतल्या कायद्याबद्दल लिहिलं होतं. दुसऱ्यात त्याच्या अभ्यासाबद्दल. तू ते कागद पाहिले असतेस तर म्हणाली असतीस, बघा, बाई फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

तुला तो दिवस आठवतो तसा मलाही आठवतो. तू बदलापूरच्या बाजारात कोणाकडून तरी ऐकलंस की पुतळाबाईच्या पोराने लग्न केलं. मासळीची टोपली तशीच घेऊन तू अंबरनाथला माझ्या दारात आलीस. आत ये म्हटलं तर आली नाहीस. “माजे गल्याची तुला लाज वाटतं का गो बाय? शिकलेल्या लोकांत मी धवला म्हनला असता तं तुजी मान खाली गेली असती?” असं म्हणालीस. आपल्यात धवलारणीने लग्नाचे धवळे गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि हरिचंद्राचे धवळे तू म्हणणार हे तो पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. पंचक्रोशीत दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं लावणारी तू, आणि सख्ख्या बहिणीच्या पोराचं तुला बाजारात कळलं. मी दारात उभी राहून म्हणाले, “लग्न तिकडच्या तिकडे झालं. इलाज नव्हता.” तू गेलीस.

चिमी, मी लपवलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

त्याने मला बोलावलं नव्हतं. लग्न होऊन महिना उलटल्यावर पाकीट आलं, त्यात एक फोटो होता. तो कोटात, ती पांढऱ्या झग्यात, मागे तिचे आईवडील. फोटोच्या मागे लिहिलं होतं, ‘आई, तुला सरप्राइज.’ ते पाकीट तू दारात आलीस त्याच्या चार-पाच दिवस आधी आलं होतं. शेजाऱ्यांकडे हरिचंद्राच्या दोस्ताकडून बातमी फुटली होती, ती माणसं मला विचारत होती, “बाई, लग्नाला गेला नाहीत?” मी त्यांना म्हटलं, मीच म्हटलं तिकडेच उरका, एवढा खर्च कशाला. सगळ्यांना तेच सांगितलं. मग तू आलीस. तुला वेगळं कसं सांगू? तुला तुझा अपमान झाला असं वाटलं, आणि मला त्या क्षणी ते बरं वाटलं. तुझा राग मला सोसवत होता. ‘अगो बाय, तुलापन नाय बोलावलं?’ असं तू म्हणाली असतीस, आणि तुझ्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे आलं असतं, ते सोसवलं नसतं. मी गावातली पहिली बी. ए. बाबांनी गवताचे भारे कल्याणला नेऊन मला शिकवलं. लोक पोरांना माझ्याकडे बोट दाखवून शिकवायचे, बघ, तिचा पोरगा कुठे गेला. त्या पोराने आईला लग्नाला बोलावलं नाही.

लिहिलं. आता फाडत नाही.

आणखी एक आहे. मी तुझ्यासाठी धवलारणीचं लुगडं त्याच्या लग्नाच्या कितीतरी आधी घेऊन ठेवलं होतं. उल्हासनगरला कॅम्प दोनमधून. हिरवं, लाल काठाचं, नऊवारी. दुकानदार सिंधी म्हणाला, “बाई, ये रंग आप पर नहीं जंचेगा.” मी म्हटलं, माझ्यासाठी नाही, मालकिणीचा रंग सावळा आहे. तू दारात उभी होतीस तेव्हा ते माझ्या मागच्या कपाटात होतं. ते आज इथे माझ्या पेटीत आहे.

ते इथे का आणलं, तेही सांगते. हरिचंद्र जांभूळ म्हणाला तेव्हा मी ठरवलं होतं, रिसॉर्टमधून दोघांना चालत तुझ्या घरी आणायचं. काही न सांगता. उशीर झाला तर झाला. तुझ्या ओट्यावर त्यांना बसवायचं, तू हळद लावायची, धवळे म्हणायचे. लिंडा बिचारी काय समजली असती, पण बसली असती. म्हणून मी रिसॉर्टला हो म्हटलं. नाहीतर मला इथल्या तळ्याचं आणि होडीचं काय.

आता ते दोघं आलेले नाहीत, म्हणजे ती गोष्ट संपली. मी सोमवारी सकाळी निघते. तुला कारण पाहिजे होतं, ते हे.

इथे संध्याकाळी दिवे लावतात, झाडांना गुंडाळलेले, नाताळचे. लोक गटागटाने फोटो काढतात. मला बऱ्याच जणांनी आपला कॅमेरा हातात देऊन फोटो काढायला लावले. माझा हात स्थिर आहे असं म्हणतात.

पुतळाबाय


कॉटेज नंबर नऊ.
सोमवार, २५ डिसेंबर १९९५

प्रिय चिमी,

आशीर्वाद. रिक्षा साडेदहाला येईल. तोवर लिहून गंगूकडे देते.

शनिवारी संध्याकाळी गंगू येऊन एवढंच म्हणाली, “सुनेचं नाव काय? तिच्या आईबापाचं काय?” मी लिंडा सांगितलं. आईबापाची नावं मला माहीत नाहीत. पाच वर्षांत मी विचारली नाहीत आणि त्याने सांगितली नाहीत. फोटोत चेहरे आहेत, नावं नाहीत. गंगूने मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं. मग म्हणाली, “उद्या सकाली सातव्या झेंड्यापाशी बाक हाय. तिथं बस. बूट काढून बस. बोलू नको, सुपरवायझर असतं.”

बूट का, ते मला कळलं नाही. पण मी काढले. थंडी होती, गवत ओलं. बाकावर पाय खाली सोडून बसले. चांगलं पातळ नेसले होते, सूनबाईंच्या स्वागतासाठी आणलेलं. तुम्ही नदीच्या बाजूने ओळीने बेणत येत होतात. खुरपी सारख्या लयीत. मी शाळेच्या तपासणीला बसावं तशी ताठ बसले होते.

तू सुरू केलंस. आवाज जाड झालाय तुझा. आधी इतक्या खाली म्हटलंस की मला वाटलं, आपसात बोलताय. मग बाकीच्यांनी धरलं. पहिल्यांदा देवांना आवतण, मग कुळाला, मग बाबांचं नाव आलं, जनू पाटलाचं, मग आईचं. आईचं नाव मी किती वर्षांनी कोणाच्या तोंडून ऐकलं. मग नवरा हरिचंद्र. मग ‘लिंडाबाय’. ओळीतली एक पोरगी फसकन हसली, तिला तू खुरप्याच्या मुठीने ढोसलंस, मी पाहिलं.

पलीकडून खेळणारे आले. शंकररावांनी शिट्टी वाजवली. आणि तुम्ही सगळ्यांनी पाठ केलीत, पदर डोक्यावर घेतलात, खाली वाकलात. माझ्याकडे पाठ. आणि धवला थांबला नाही. मला वाटलं होतं थांबेल. दहा-बारा वाकलेल्या पाठी, आणि त्यातून ते गाणं येत होतं, जमिनीतून यावं तसं. चेंडू डोक्यावरून गेला. दुसरी शिट्टी झाली. तुम्ही वळलात.

विहिणीचं नाव यायची जागा आली तेव्हा मी श्वास धरला. तिथे नाव नव्हतं ना. तिथे तू तुझं नाव घातलंस. ‘विहीण चिमीबाय आली मांडवाला.’ नवरीकडची म्हणून तूच उभी राहिलीस. असं कोणत्याही लग्नात होत नाही, मावशी विहीण होत नाही. तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

ओळ बाकापर्यंत आली. तू डावा गुडघा टेकून बाकाखालचं गवत काढू लागलीस. सुपरवायझर झाडाखाली उभा होता, त्याला वाटलं, नेटकं काम चाललंय. तू ओटीतून हळद काढलीस आणि माझ्या पायांना लावलीस. आधी उजव्या, मग डाव्या. ओली होती, कुटून आणलेली. तुझा हात खरखरीत झालाय. मी विधवा आहे, मला हळद लावत नाहीत. हे तुलाही ठाऊक, मलाही, ओळीतल्या प्रत्येकीला. तू वर न बघता म्हणालीस, “नवऱ्याची आय बिनहलदीची बसली तं लगीन लागत नाय.” आणि पुढे सरकलीस.

एवढंच बोललीस, पाच वर्षांत. पुरलं.

सिंधी बाई फिरायला निघाल्या होत्या, त्या बाकामागे उभ्या राहून ऐकत होत्या. टाळ्या वाजवून म्हणाल्या, “आंटी, ये फोक सॉंग है ना? होटलवालों ने रखा है? बहुत अच्छा!”

मी म्हटलं, “फोक सॉंग नहीं है. मेरे लड़के की शादी है.”

त्या इकडेतिकडे पाहू लागल्या. मग माझे पिवळे पाय पाहिले. मग तुमच्या ओळीकडे पाहिलं. शहाणी बाई आहे, हसली नाही. हळूच म्हणाली, “बाकी लोग आ गए?”

मी म्हटलं, “हां. आ गए.”

काल रात्रीचं जेवण मी हॉलमध्ये न घेता खोलीत मागवलं. हळद जाऊ नये म्हणून पाय धुतले नाहीत. आज सकाळी पांढऱ्या चादरीवर डाग पडले आहेत. मी मिशीवाल्या माणसाला सांगितलं, हा डाग जात नाही, तुम्ही पैसे लावा. तो म्हणाला, “राहू द्या मॅडम, तिघांच्या चादरी आहेत, एकीवरच डाग आहे.”

मी हरिचंद्राला पत्र लिहिणार आहे. रागाचं नाही. तुझं लग्न काल लागलं, एवढंच कळवीन, आणि लिंडाच्या आईचं नाव विचारीन. पुढच्या वेळी तुला लागेल.

आता मुद्द्याचं. अंबरनाथचं घर मी आल्यापासून बंद आहे. ते मी असतानाही बंदच असतं, ही गोष्ट वेगळी. तुझं घर भरलेलं आहे, तुला इकडे राहायला ये म्हणणार नाही, तू येणारही नाहीस. पण रविवारी इथलं काम उरकून बदलापूरच्या बाजाराला टोपली घेऊन येतेसच. तिथून अंबरनाथ दूर नाही. दारात उभी राहू नकोस. मी बाजारात किंवा दवाखान्यात असेन, किंवा आत झोपलेली असेन आणि ऐकू येणार नाही. हल्ली कधीकधी ऐकू येत नाही. कुलूप उघडून आत ये, चूल डाव्या हाताला आहे, चहा कर, दोन कप. आणि एखाद्या रविवारी तू आलीस आणि मी उठले नाही, तर पहिलं कळणारं माणूस तू असावीस. शेजाऱ्यांना कळायच्या आधी. हे मी तोंडी कधी म्हणू शकले नसते.

रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवतोय. ती शिट्टी माझ्यासाठी आहे, इतकं आता कळतं.

तुझ्याच मांडवातली,
बाय

गंगूच्या हाती दिलं, आज सकाळी, कॉटेजच्या मागच्या पायरीवर: हिरवं लुगडं, लाल काठ. खण. नारळ, पाच सुपाऱ्या, ओटीचे तांदूळ. वरच्या रुमालात वेगळी बांधलेली अंबरनाथच्या घराची दुसरी किल्ली. ही आजवर कोणाकडे दिली नव्हती.